मधला रकाना

असगेर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटायची वेळ येईल. बावीस वर्षं तो दर ऑक्टोबरात स्कोरा नदीत उपडा पडून प्रवाहाबरोबर वाहत जायचा आणि अंडी घालायला समुद्रातून चढून आलेले ट्राउट मासे मोजायचा. डोंगरमाथ्यावर बर्फ पडलेलं असताना हे काम हौसेने करणारा माणूस मनाने वाईट असू शकत नाही. पण हौस आणि खरेपणा एकाच घरात नांदतातच असं नाही.

मोजणीची रीत ठरलेली. तीन माणसं आडव्या ओळीत पाण्यात उतरायची: एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे. अंगात रबरी सूट, तोंडावर मास्क, दातांत श्वासाची नळी, डोकं पाण्यात. ओळ मोडायची नाही. मासा आपल्याला ओलांडून मागे गेला की मगच तो आपला. समोर आहे तोवर कुणाचाच नाही. डोह संपला की उभं राहायचं आणि काठावर ओरडून आकडा सांगायचा. काठावरचा माणूस तो ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहून घेणार.

मधली जागा असगेरचा थोरला भाऊ हालडोर याची होती. काठावर लिहायला हालडोरची बायको बोर्गहिल्ड. हालडोर मार्चमध्ये गेला, दवाखान्यात, स्वच्छ पांढऱ्या चादरीवर. त्याच्या मरणाशी नदीचा काही संबंध नव्हता.

"आपण दोघंच आहोत, तर नदी अर्धी अर्धी वाटून घेऊ," योरुन सूटची चेन ओढत म्हणाली. मत्स्यखात्याची ही तिशीतली पोरगी गेली चार वर्षं उजवी बाजू सांभाळत होती. "पाणी स्वच्छ आहे. मधलं दोघांनाही दिसेल."

"दिसेल," असगेर म्हणाला.

बोर्गहिल्डने मात्र जुनाच छापील कागद आणला होता, तीन रकान्यांचा. तिला कुणी काही बोललं नाही. वर्षही न झालेल्या विधवेला कागदावरून कोण बोलणार?

यंदाच्या मोजणीवर सगळं अडलं होतं. खात्याचं पत्र स्पष्ट होतं: चारही डोहांत मिळून दीडशे मोठे मासे दिसले तर उन्हाळ्यात नदी गळाला खुली. एकही कमी पडला तर पाच वर्षं बंद. असगेर नदीकाठच्या जमीनमालकांच्या संघाचा अध्यक्ष होता, पण खरं दुखणं ते नव्हतं. तो एकाहत्तर वर्षांचा होता. पाच वर्षांनी गुडघे त्याला पाण्यात उभं राहू देणार नव्हते, हे त्याला आणि त्याच्या डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं. जून महिन्यात पहाटेच्या उजेडात हातात गळाची काठी घेऊन स्कोरेत उभं राहायचं, याखेरीज त्याला जगाकडून काही नको होतं.

म्हणून तो आकडे वाढवायचा. गेली सहा वर्षं. पहिल्या वर्षी तीन, मग पाच, मग हात मोकळाच सुटला. "मोजताना चार-दोन सुटतातच, ते मी धरतो," असं त्याने स्वतःला समजावलं होतं. तिसऱ्या वर्षी हालडोरने काठावर बूट काढता काढता विचारलं होतं, "खरे किती दिसले?" असगेर म्हणाला, "सांगितले तेवढे." त्या अख्ख्या हिवाळ्यात हालडोर त्याच्याकडे कॉफीला आला नाही. पण त्याने कुठे वाच्यताही केली नाही. दर वर्षी नदी खुली होत राहिली, आणि जे मासे नदीला स्वतःलाच पुरत नव्हते ते लोकांच्या तव्यांवर गेले.

पहिला गिरणीचा डोह. पाण्यात तोंड घातलं की जग बंद होतं. आपल्याच श्वासाचा आवाज तेवढा उरतो. खडीवर ट्राउट उभे होते, नाक प्रवाहाकडे करून. माणसं जवळ आली की ते फाकतात, वळतात आणि बाजूने निसटून मागे जातात. असगेरने बावीस वर्षं हेच पाहिलं होतं. म्हणून त्याला लगेच कळलं की काहीतरी चुकतंय. मासे त्याच्याकडे येत होते, पण मधून येत होते. नदीच्या मध्यावरच्या मोकळ्या पाण्याशी येऊन ते फाकत होते. अर्धे त्याच्याकडे, अर्धे योरुनकडे. मध्ये काहीच नव्हतं.

त्याला सोळा दिसले. उभं राहून त्याने आवाज दिला, "एकवीस!"

"तेरा!" योरुन ओरडली.

काठावर बोर्गहिल्डची पेन्सिल चालली, थांबली आणि पुन्हा चालली.

"तू मध्ये आला होतास का?" योरुनने मास्क वर सरकवत विचारलं. "माझ्याकडचे सगळे तिकडूनच बिचकून आले."

"मी कशाला येऊ? मी माझ्या बाजूलाच होतो."

"मग एखादा ओंडका असेल."

"असेल," तो म्हणाला. ओंडका नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं.

पाद्र्याच्या डोहात त्याला एकवीस दिसले. त्याने सत्तावीस सांगितले. योरुनचे अठरा. बाहेर आल्यावर बोर्गहिल्डने थर्मासमधून कॉफी ओतली आणि लोणी-साखर लावून गुंडाळलेली लेफ्सची मऊ पोळी दोघांच्या हातात दिली. असगेरची नजर मांडीवरच्या कागदाकडे गेली. तिने तो सवयीने पालथा ठेवला होता, अक्षरांवर थेंब पडू नयेत म्हणून.

"जमतंय ना लिहायला?" त्याने विचारलं.

"जमतंय की. तिघांचंही नीट ऐकू येतंय."

योरुन चावता चावता थांबली. बाई भ्रमिष्ट झाली, असगेरला वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी इतक्या लवकर, दुसरा विचार आला: मधल्या रकान्यात आकडे असतील तर बेरीज फुगेल. भ्रमिष्ट तर भ्रमिष्ट. त्याने लेफ्सचा घास गिळला आणि विषय बदलला.

तिसरा काळा डोह. इथे नदी खोल होते आणि वरून गळालेली बर्चची पिवळी पानं पाण्यावर दाट साचतात. असगेर त्यांच्याखालून वर पाहत होता. पानं त्याच्या डोक्याजवळ बाजूला होत होती, पलीकडे योरुनच्या डोक्याजवळ होत होती, आणि दोघांच्या बरोबर मध्ये, त्याच वेगाने, तिसरी फट पुढे सरकत होती. रुंदी एका माणसाच्या खांद्यांएवढी. फटीमागे पानं पुन्हा जुळत होती. ओळ अगदी सरळ होती. हालडोर कधी कुणाला ओळ मोडू द्यायचा नाही.

असगेरला ओरडावंसं वाटलं, पण तोंडात नळी होती. त्याने मासे मोजले. दुसरं काय करणार होता? एकोणीस. उभं राहिल्यावर त्याचे दात वाजत होते, आणि सूटच्या आत तर पाण्याचा थेंबही शिरला नव्हता.

"तेवीस," त्याच्या तोंडून निघालं. भीतीने गळाठला तरी चार मासे वाढवायचं तो विसरला नाही. सवय ही अशी असते.

योरुनने बारा सांगितले. मग ती हळूच म्हणाली, "असगेर, शेवटचा डोह सोडून द्यायचा का? नंतर परत येऊन करू."

"एका दिवसात संपवायची रीत आहे."

तो भित्रा नव्हता, हेही सांगायला हवं.

पुलाखालच्या डोहात त्याने मधल्या बाजूला पाहिलंच नाही. फक्त आपल्या बाजूची खडी पाहत गेला. पंधरा. मनातल्या मनात बेरीज केली आणि उभा राहून ओरडला, "बावीस!" योरुनचे सोळा.

या वेळी त्याने कानांवरची रबरी टोपी वर सारली होती. त्याच्या आणि योरुनच्या मध्ये, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावरून, कुणीतरी साध्या, थकलेल्या आवाजात काहीतरी म्हणालं. शब्द पाण्याच्या खळखळाटात गेला. बोर्गहिल्डने मात्र मान हलवली आणि लिहिलं.

पुलाच्या कडेला लाकडी बाकावर तिघं बसली. योरुनने कागद घेतला, आणि तिचा चेहरा आधी उजळला, मग गोंधळला.

"डावा आणि उजवा मिळून एकशे बावन्न," ती म्हणाली. "म्हणजे खुली! दोन जास्तच आहेत. पण हा मधला रकाना..." तिने बोर्गहिल्डकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "हा मी खोडते हं. मध्ये कुणी नव्हतं ना."

"ऐकलं ते लिहिलं," बोर्गहिल्ड म्हणाली. "खोडायचं तर खोड. खात्याची तू आहेस."

"बघू इकडे," असगेर म्हणाला.

मधल्या रकान्यात चार आकडे होते. सोळा. एकवीस. एकोणीस. पंधरा.

त्याने ते दोनदा वाचले. हे मधले मासे नव्हतेच. हे त्याचे मासे होते, त्याला दिसलेले, त्याने मनात मोजलेले आणि कुणालाही न सांगितलेले. त्याच्या कवटीच्या आतले आकडे बोर्गहिल्डच्या सुबक अक्षरात समोर पडले होते.

"आवाज कुणाचा होता?" त्याने विचारलं. त्याचाच आवाज त्याला धड ओळखू येईना.

"तुझा," बोर्गहिल्ड म्हणाली. "किंवा त्याचा. पाण्यावरून तुम्ही दोघं सारखेच ऐकू येता. चाळीस वर्षं संसार केला, पण काठावरून मला कधी फरक कळला नाही. मला वाटलं, तू दोनदा ओरडतोयस. एकदा लोकांसाठी आणि एकदा खरं." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. ती भ्रमिष्ट नव्हती. ती कधीच भ्रमिष्ट नव्हती.

योरुनने खोडायला पेन्सिल उचलली होती. असगेरने फक्त मूग गिळून बसायचं होतं. एक रेघ, एक सही, आणि जून त्याचा होता. पहाटेचा उजेड, गुडघ्याभोवती पाण्याचा रेटा, काठीच्या टोकाला अचानक आलेली ओढ. त्याला ते इतकं हवं होतं की डोळ्यांत पाणी आलं.

त्याने योरुनच्या हातातून पेन्सिल घेतली आणि डावा रकाना खोडला. वरपासून खालपर्यंत, एका रेघेत.

"मधला धर," तो म्हणाला. "तो माझा आहे."

योरुनने बेरीज केली, कारण तेवढंच करण्यासारखं होतं. "एकशे तीस."

"हं."

"पाच वर्षं, असगेर."

"मला मोजता येतं."

तिने कागदाकडे पाहिलं, खोडलेल्या रकान्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात यायला लागलं. "आणि मागची वर्षं?" तिने विचारलं. "मागच्या वर्षीचे? त्याच्या आधीचे? त्या आकड्यांवर आम्ही नदी खुली ठेवली होती."

असगेरने ओठ घट्ट मिटले. खरे आकडे त्याने कुठेच लिहिले नव्हते, पण त्यातला एकही विसरला नव्हता. हे एवढं तरी आपल्यापाशी राहू दे, त्याला वाटलं. आजचं दिलं ना.

पुलाखालून, रिकाम्या डोहाच्या मध्यावरून, तोच आवाज आला. या वेळी तिघांनीही ऐकला. घाई नव्हती त्यात, रागही नव्हता.

"पहिलं वर्ष. गिरणीचा डोह. चोवीस."

योरुनने बाकाची कड घट्ट धरली. बोर्गहिल्डने कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला आणि पेन्सिल तयार ठेवून नदीकडे पाहत राहिली, जशी गेली इतकी वर्षं पाहत आली होती.

चोवीस बरोबर होते. त्या वर्षी त्याने सत्तावीस सांगितले होते.

पाण्यात पुन्हा कुणीतरी श्वास घेतला. तो आवाज पुढचा आकडाही सांगणार, मग त्याच्या पुढचा, सहाही वर्षांचे, चारही डोहांचे, आणि आपण इथे तोंड मिटून ऐकत बसणार, हे असगेरला सोसवेना. तो उठून उभा राहिला, जसा डोह संपल्यावर राहायचा, आणि काठावर पोचेल अशा आवाजात स्वतःच म्हणाला:

"पाद्र्याचा डोह. एकोणतीस."

नदी गप्प झाली. बोर्गहिल्डने लिहून घेतलं.

"पुढे," ती म्हणाली.