बारा सेकंदांचा भुजंग

मी भुजंगचा आवाज बोलतोय. भुजंग नव्हे, नुसता त्याचा आवाज. वय म्हणाल तर बारा सेकंद.

माझा जन्म लातूरच्या एका छापखान्यात झाला. भुजंगच्या लेकीच्या, पुनमच्या लग्नाची पहिली पत्रिका तिथे नुकतीच छापून झाली होती. चाकूरच्या त्या भोळ्या माणसाला राहवेना. त्याने पत्रिकेचा फोटो बिलोलीच्या थोरल्या बहिणीला, सिंधुताईला पाठवला आणि पाठोपाठ मला.

“ताई, देवाच्याबी आधी पत्रिका तुला दाखवून राहिलो. रविवारी अक्षता घेऊन तुला न्यायला येतो. तू तयार होऊन बस. मी येतो.”

सिंधुताईने फोटो पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. सख्ख्या बहिणीला मोबाइलवर आवतण! ना कुंकू, ना अक्षता! खालीच मी होतो. एक बोट लावायचं होतं फक्त. पण आम्हा मोबाइलमधल्या आवाजांना दाबल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

तिने लिहिलं, “मी येणार न्हाई. तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई.”

उत्तर माझ्या खाली आलेलं पाहून भुजंगला वाटलं, ताईने मला ऐकलं असणार.

“एवढं बोलावूनबी ताई न्हाई म्हणली,” तो बायकोला, केवळाबाईला म्हणाला. रविवारी अक्षतांची पुडी देव्हाऱ्यातच राहिली. एक फोन तरी करायचा! पण दोघंही एकाच आईची, हट्टाला पक्की. मला अजून त्यांचा राग येतो.

लग्न आत्याविना पार पडलं. दोन महिन्यांनी भुजंग शेतात छाती धरून बसला, तो उठलाच नाही.

तेराव्याला केवळाबाईने विचारलं, “वन्सबाई, त्यांनी मोबाइलवर येवढं बोलून धाडलं होतं. का आला न्हाईत?”

“कधी बोलला?”

सिंधुताईने मोबाइल काढला आणि मला दाबलं. मी बोलू लागलो. भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. केवळाबाईने दाराकडे पाहिलं.

आता दर रविवारी सिंधुताई काठापदराचं लुगडं नेसून बिलोलीच्या उंबऱ्यात बसते आणि मला ऐकते.

“हाव भुजंगा, झाले बघ तयार,” म्हणते. तेव्हा मला माझीच भीती वाटते.

ताई, मला पुसून टाक, असं तिला सांगायचंय. पण मला तेवढी चारच वाक्यं येतात. तिचं बोट पुन्हा माझ्यावर पडतं, आणि मी पुन्हा सांगतो, “तू तयार होऊन बस. मी येतो.”