माठाची राखण

पालीच्या गहिनीनाथ आबांना गावानं स्वच्छता समितीत घेतलं आणि त्या दिवसापासून गावाला नीट शिंकायची सोय उरली नाही. कुणाच्या दारात सांडपाणी दिसलं की आबा थांबलेच. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं करू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक हसायचे. आपलं बोलणं पटतंय, असं आबांना वाटायचं.

घरात मात्र नात मोहिनीचं पोट सारखं बिघडायचं. सून दिपाली पाणी उकळून माठात भरायची. झाकण होतं, लांब दांड्याचं ओगराळंही खुंटीला होतं. तरी जुलाब थांबेनात.

"मामा, मी पोरीला मांजरसुंब्याला नेते," शेवटी दिपाली आबांना म्हणाली. "आईकडं बरी ऱ्हाती ती."

नातीशिवाय आबांना घास उतरत नसे.

"कुणीतरी माठात हात घालतंय," ते म्हणाले. "आज मी सोता राखण करतो. चोर धरल्याबिगर उठत न्हाई."

आबा माठासमोर पाट टाकून बसले. दिपाली बॅग भरत होती, बायको भिवराबाई ज्वारी निवडत होती. आबांनी दोघींकडं संशयानं पाहिलं, मांजराला हाकललं. बसून कंटाळा आला तशी तंबाखू काढली, चुना लावून मळली, बार भरला. काही वेळानं अंगणात जाऊन थुंकले. मग चूळ भरायला माठाचं झाकण काढलं आणि जन्माच्या सवयीनं तांब्या बोटांसकट बुडवला.

"घावला का चोर?" भिवराबाईनं मान वर न करताच विचारलं.

आबांचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता. तंबाखूचा चुरा पाण्यावर तरंगत होता. मी तपासणी करत होतो, असं म्हणावं की काय? आबांना स्वतःचीच लाज वाटली, आणि हसूही आलं.

"घावला," ते म्हणाले. "लई जुना हाय."

माठ त्यांनीच रिकामा केला, घासला. दिपालीनं भरलेली बॅग कोपऱ्यात सरकवली. "बघते थोडे दिवस, मामा," ती म्हणाली. रिकामी मात्र केली नाही.

संध्याकाळी आबांना तहान लागली. माठापाशी मोहिनी ओगराळं घेऊन उभी.

"आबा, हात दाखवा."

आबांनी दाखवले. तिनं वास घेतला, नाक मुरडलं.

"जावा, परत धुवा."

गावभर भाषणं ठोकणारे आबा कोपऱ्यातल्या बॅगेकडं बघत मुकाट्यानं मोरीकडं गेले आणि साबण शोधू लागले. तो कुठं ठेवतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.