निघोज्यावरची चढाई

वैशाखात निघोज्यावर चढाई करायचं पलटणीनं ठरवलं आणि तसं रीतसर कोंडीराम पाटलांना येऊन सांगितलं. जीपमधून एक कॅप्टनसाहेब उतरले, ओट्यावर नकाशा पसरला आणि म्हणाले, "सराव आहे पाटील, घाबरू नका. इंद्रायणीच्या या अंगाला शत्रूचा मुलूख, पलीकडे आमचा. आम्ही चिखलीकडून उतरून तुमचं गाव घेणार."

"म्हंजी आमी शत्रू?"

"नकाशावर."

"घ्या की. दिस कंचा तेवढं सांगा."

साहेबांनी दिवस सांगितला आणि पाटलांचा चहा बशीतच राहिला. त्याच दिवशी त्यांच्या लेकीचं, शकूचं लग्न होतं. वऱ्हाड चिखलीहून यायचं होतं, आणि नदीला उतार एकच.

व्याही यशवंतराव नाकावर माशी बसू देणाऱ्यातले नव्हते. हा गृहस्थ स्वतःच्या घरातही बोलावल्याशिवाय जेवायला बसत नसे. वऱ्हाड शिवेवर आलं की पाय धुवायचे, ओवाळायचं, मगच गावात पाऊल. मागच्या साली पाय धुवायचं पाणी गार होतं म्हणून एक वऱ्हाड याच उतारावरून माघारी गेलं होतं. त्या लग्नातली मुलगी अजून बापाच्या घरी होती आणि पाटलांना रोज आडावर दिसायची. तिच्या जागी शकू दिसू लागली की त्यांना घास जात नसे.

मग पाटलांनी वाटाघाटी केल्या. आधी वऱ्हाड उतरेल, मग पलटण, हे साहेबांनी मानलं. आपल्या मागून पलटण येणार हे ऐकून यशवंतराव तर फुललेच. "सूर्य कासराभर वर यायच्या आत आमी उतारावर," त्यांनी शब्द दिला. मोठं युद्ध टाळल्याच्या थाटात पाटील घरी आले.

"वऱ्हाड कंदी येळंवर आलंय?" सारजाबाई एवढंच म्हणाल्या.

बायकोचं म्हणणं खरं ठरलं. त्या दिवशी सूर्य कासराभर वर येऊन पुढं गेला, तरी वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. साहेबांनी जमेल तेवढी वाट पाहिली, मग धूर सोडून चढाई सुरू केली. माणसं पाण्यात उतरली की वाजवायचं, एवढंच वाजंत्र्यांना सांगितलेलं. त्यांनी सनई धरली. सारजाबाई तांब्या घेऊन पुढं झाल्या. व्याह्यांसमोर पदर नाकापर्यंत, त्यामुळं त्यांना फक्त पाय दिसत होते. पायांत बूट होते. पण पिंपरीला कारखाना निघाल्यापासून चिखलीकर पायात काय घालतील याचा नेम नव्हता. त्यांनी बुटांवर ऊन पाणी ओतलं, हातभर लांबून ओवाळलं आणि नारळ दिला. साहेब हुकूम झाल्यासारखे ताठ उभे राहिले.

दंडाला पांढरी पट्टी बांधलेल्या, सरावाच्या पंचांनी निकाल दिला, "गाव पडलं. प्रतिकार नाही."

इतक्यात यशवंतरावांच्या गाड्या नदीत उतरल्या. आपल्या मानाचा नारळ भलत्याच्याच हातात त्यांनी पाहिला.

"वळवा बैलं!"

पाटील धडपडत पाण्यात शिरले, पागोटं काढून हातात धरलं. "व्याहीबुवा, पोरीकडं बघा. तिचा काय गुन्हा?" यशवंतराव आभाळाकडं बघत राहिले.

कॅप्टनसाहेब पचपच बूट वाजवत आले. "पंचसाहेब, ही माणसं नदीत सापडली. कैदीच ना?"

पंचांनी पाटलांकडं पाहिलं. "कैदीच," ते म्हणाले.

शिपाई बंदुका घेऊन गाड्यांच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. "ह्ये काय?" यशवंतरावांनी विचारलं.

"मोठी असामी हाती लागली की असाच बंदोबस्त असतो," साहेबांनी सलाम ठोकला.

यशवंतरावांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि मिशीवर हात फिरवला. "आसं व्हय! मग चला." शिवेवर पुन्हा ऊन पाणी आलं, आणि मुहूर्तावर अक्षता पडल्या. जवान पंक्तीला बसले. यशवंतरावांनी त्यांना आग्रह करकरून वाढलं.

उन्हं उतरली तसा सराव संपला. जिंकलेलं गाव साहेबांनी पाटलांच्या हवाली केलं आणि पलटण गेली. मागोमाग यशवंतरावांच्या गाड्या निघाल्या. पहिल्या गाडीत शकू होती. ती परत द्यायची रीत कुठल्याच मुलखात नव्हती. पाटील गुडघाभर पाण्यात उभे राहून ढसाढसा रडले.