दोन साडू आणि चार टायर

चष्मेवाले आणि पोहण्याचे मास्तर हे एकमेकांचे साडू, म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. साडू हे नातं मोठं चमत्कारिक. ते कुणी मुद्दाम जुळवत नाही आणि मोडायचीही सोय नसते. या दोघांनी तर ते आपणहून आणखी आवळून घेतलं होतं. दोघांनी मिळून एक गाडी घेतली होती.

गाडी गडद निळी, चार दारांची. उभी असली की एखाद्या हेडक्लार्कची वाटावी. पण बॉनेटखालचं इंजिन असं, की पायाच्या अंगठ्याने नुसता विचार केला तरी गाडी पुढच्या चौकात. अशी गाडी एकट्याने घ्यायची दोघांचीही ऐपत नव्हती, आणि हिंमत तर त्याहून नव्हती. म्हणून अर्धी अर्धी. एक आठवडा चष्मेवाल्यांचा, एक मास्तरांचा. सोमवारी सकाळी किल्ली या हातातून त्या हातात.

घेतानाच मास्तर म्हणाले होते, "साडूभाऊ, आधीच बोललेलं बरं. ज्या दिवशी गाडीच्या एखाद्या गोष्टीवर आपलं एकमत होणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची. घरात कटकट नको."

"अगदी बरोबर," चष्मेवाले म्हणाले होते. तेव्हा त्यांना गाडीचा लळा लागायचा होता.

पुढे तो लागला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून बघून ते कंटाळून जात. गाडीत बसलं की कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नसे. समोर रस्ता, कानात इंजिनाची घरघर. त्या घरघरीसाठी ते आठवडाभर वाट बघत, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

करार मोडायची वेळ कधी आली नव्हती. गाडीत खायचं नाही, यावर एकमत. चढण्याआधी पायातलं झटकायचं, यावर एकमत. एकच गोष्ट चष्मेवाल्यांच्या मनात राहून राहून येई. गाडी ताब्यात आली की ड्रायव्हरची सीट पुढे सरकलेली असे, पार स्टिअरिंगला चिकटून. मास्तर चांगले उंच. एवढा उंच माणूस गुडघे छातीशी घेऊन गाडी का चालवतो, हे त्यांना कळत नसे. पण दुसऱ्याच्या बसण्याबद्दल काय बोलायचं? ते मुकाट्याने सीट मागे घेत.

आणि मग टायर झिजले.

टायरच्या दुकानातल्या बाईंनी दोघांनाही गाडीशेजारी उकिडवं बसवलं. "ही खाच दिसते? खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. वरचं रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं, की टायरचं आयुष्य संपलं. तुमचं संपलंय."

"चारही?" मास्तरांनी विचारलं.

"चारही. आणि पुढच्या डाव्याची आतली कड बघा. कापडासारखी झालीय. हे चाक कुठेतरी जोरात आपटलंय. तेव्हापासून ते तिरकं चालतंय."

चष्मेवाल्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. दोघंही सज्जन असल्यामुळे दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

बाईंनी भिंतीशी तीन टायर उभे केले. पहिला मऊ रबराचा, रस्त्याला गोचिडीसारखा चिकटणारा. वेगात वळा, ओल्यात ब्रेक मारा, सोडणार नाही. मात्र लवकर झिजणारा, आवाज करणारा आणि कडक थंडीत रुसणारा. दुसरा कडक, शांत, बारमाही, वर्षानुवर्षं टिकणारा, पण जोरात वळलं की जरा हात सोडणारा. तिसरा दोघांच्या मधला.

"शांत द्या," चष्मेवाले म्हणाले.

"चिकट द्या," मास्तर म्हणाले.

दोघांनी हे एकाच दमात म्हटलं.

"आमच्या हिला आवाज सोसत नाही हो," चष्मेवाल्यांनी समजावलं. "गाडीत बसली की कपाळावर हात धरते."

"आमची ही ब्रेकच्या नावाने घाबरते," मास्तर म्हणाले. "वळण आलं की डोळे मिटून घेते. आणि रबर हे चिकटण्यासाठीच असतं. तलावाच्या कडेला मी पोरांना काय शिकवतो? आधी पाय रोवा."

"गाडी म्हणजे तलाव नव्हे, साडूभाऊ."

"आणि दवाखान्याची खोलीही नव्हे."

"मधला घ्या की," बाई म्हणाल्या.

मधला म्हणजे दोघांचीही हार. त्यावर दोघांचं तत्काळ एकमत झालं: मधला नको. मग मास्तरांना तोडगा सुचला. पुढची जोडी एकाच्या मनाची, मागची दुसऱ्याच्या!

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "पुढची चाकं रस्ता धरून ठेवणार आणि मागची सोडून देणार. वळणावर गाडी शेपूट पुढे करून तोंड मागे फिरवेल. आल्या रस्त्याकडे बघत बघत झाडावर जाल. मी नाही बसवून देणार."

तसेच झिजलेले टायर घेऊन दोघं घरी परतले. उतरताना मास्तर म्हणाले, "करार आठवतोय ना? रविवारपर्यंत ठरलं नाही, तर विकू या." त्यांचाही चेहरा एवढासा झाला होता, पण शब्द म्हणजे शब्द.

दोन दिवस चष्मेवाल्यांचं दुकानात लक्ष लागेना. एका गृहस्थांना त्यांनी वाचायच्या चष्म्याऐवजी त्याची नुसतीच डबी दिली, आणि ते गृहस्थ ती घेऊन गेलेही. तिसऱ्या दिवशी एका आजीबाईंच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ते रोजचं वाक्य म्हणत होते, "हे बरं की ते? आता, हे की ते?" म्हणता म्हणता हात हवेतच थांबला.

"काय झालं?" आजीबाईंनी विचारलं. "दिसेनासं झालं का तुम्हाला?"

चष्मेवाल्यांना एकदम स्वच्छ दिसलं होतं. माणसाला भिंग कोणतं हवं, असं ते कधीच विचारत नसत. विचारलं तर माणूस शेजाऱ्याचा चष्मा सांगतो. दोन्ही लावून बघायचे आणि भिंगाचं नाव न सांगता विचारायचं. तेच टायरचं!

मास्तरांना कल्पना पटली. नाव न कळता कौल द्यायला दोघी बहिणींपेक्षा योग्य माणसं कोण? हा सगळा खटाटोप त्यांच्याच सुखासाठी चालला होता. बाईंकडे त्याच मापाची, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेली थोडी वापरलेली चाकं होती. "रविवारी या," त्या म्हणाल्या आणि का कोण जाणे, हसल्या.

रविवारी दुकानामागच्या मोठ्या मोकळ्या आवारात नळीने पाणी मारून अर्धी जागा ओली केली होती. दोघी बहिणी मागच्या सीटवर बसल्या. त्यांच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. त्यांचं लहानपण तिथल्या लाद्यांमध्ये आणि भुशात गेलं होतं, त्यामुळे गारठा, पाणी आणि ओरडाआरडा यांचं दोघींना काही वाटत नसे. त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले.

"हे काय लहान मुलांसारखं?" थोरली, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाली.

"शास्त्रीय पद्धत आहे," चष्मेवाले म्हणाले.

मास्तरांनी चिकट टायरवर दोन फेऱ्या मारल्या. ओल्या जागेत ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, सगळ्यांच्या माना पुढे गेल्या. मग चाकं बदलली. चष्मेवाल्यांनी शांत टायरवर तशाच दोन फेऱ्या मारल्या. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, पण कशी, एखाद्या पाहुण्याने निरोप घेत घेत उठावं तशी.

"आता सांगा," चष्मेवाल्यांनी मागे वळून विचारलं. "पहिलं बरं की दुसरं?"

थोरलीने रुमाल सोडला. "मागे बसून काय डोंबल कळणार? उतरा बघू."

"अगं पण..." शेजारच्या सीटवरून मास्तर म्हणाले.

"उतरा म्हटलं ना!"

चष्मेवाले उतरले, पाठोपाठ मास्तरही. थोरली पुढे येऊन बसली. खाली न बघता तिने सीटखालचा दांडा ओढला आणि एका झटक्यात सीट पुढे घेतली, पार स्टिअरिंगला चिकटून. आरसा दोन बोटांनी खाली केला. आणि गाडी निघाली.

ती गेली तशी या गाडीला जाताना दोघा साडवांनी कधी पाहिलं नव्हतं. आवाराच्या टोकाला वळण घेतलं ते ब्रेक न लावता. ओल्या जागेत मागची चाकं किंचित सरकली, तशी ती तिने अलगद जागेवर आणली. मागे बसलेली धाकटी डोळ्यांवर रुमाल तसाच ठेवून म्हणाली, "ताई, आणखी जोरात घे की."

"तुमची ही वळणाला घाबरते ना?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही चालवता तेव्हा तुमच्या यांच्या कपाळावर हात असतो ना?" मास्तर म्हणाले.

चष्मेवाले म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही सीट कुठे ठेवता?"

"मागे. अगदी शेवटपर्यंत. मला वाटायचं, पुढे तुम्हीच घेता. म्हटलं, यांच्या डोळ्यांना लांबचं कमी दिसत असेल. धंद्याच्या माणसाला कसं सांगायचं?"

गाडी त्यांच्यापुढे येऊन थांबली. थोरलीने काच खाली केली. "दुपारी तुम्ही दुकानात, हे तलावावर. गाडी नुसती उभी. वाईट वाटायचं हो. वडिलांच्या बर्फाच्या गाडीवर आम्ही दोघी वाढलो. वितळायच्या आत पोचवायचा असतो बर्फ. सवय जाते होय?"

"आणि ते डावं चाक?" मास्तरांनी विचारलं.

"ते माझं," धाकटीने रुमाल काढत हात वर केला. "पोस्टाच्या दारातली पायरी. पायरीला काही झालं नाही, भाऊजी. मी उतरून बघितलं."

चष्मेवाल्यांचं यातलं निम्मं ऐकणं राहून गेलं. त्यांना एकच कळायला हवं होतं. "मग कोणतं बरं? पहिलं की दुसरं?"

"मला पहिलं," थोरली म्हणाली. "चिकट."

"मला दुसरं," धाकटी म्हणाली. "त्या पहिल्यात ताईचं बोलणं ऐकू येत नाही."

म्हणजे गेली गाडी. चष्मेवाल्यांनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं.

"असं काय तोंड करता?" थोरली म्हणाली. "आमचंही आधी जमलं नाही. भांडलो, मग मधला ठरवला. गुरुवारीच सांगून ठेवलाय."

टायरवाल्या बाईंनी दारातूनच मान हलवली. "चारही आलेत. चाक सरळ करायचंही धरलंय त्यात."

"गुरुवारी?" चष्मेवाले म्हणाले. "मग आज हे सगळं कशाला होऊ दिलंत?"

"चाचणी घ्यायची यावर तुमचं दोघांचं एकमत झालं होतं ना?" थोरली म्हणाली. "कशाला मोडायचं म्हटलं. नाहीतर विकायला निघाला असता."

मधले टायर बसले, चाक सरळ झालं. परत निघताना साडवांनी पुढची दारं उघडायला हात घातला, तर दोन्ही जागा भरलेल्या होत्या. थोरली स्टिअरिंगशी, धाकटी शेजारी. ते दोघं मागे बसले.

गाडी वळणाला लागली. टायर गुणगुणत होते, ना शांत ना चिकट. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. इंजिनाची घरघर मागेही येत होती, थोडी खालून, पण तीच.

"साडूभाऊ," बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "मागे पाय लांब करायला जागा बरी आहे की."

चष्मेवाल्यांनी पाय लांब करून बघितले. घाई केली नाही. एकदा सरळ, एकदा जरा तिरके.

"आहे," ते म्हणाले.

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. एकमत झालं होतं.