साहेबांचं अनुभवपत्र

साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एक केमिस्ट होती. राग आला की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, म्हणून सगळे तिला पाठीमागे लिटमस म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडायचंही. लोक जरा जपून वागत.

तिने आणि तिच्या नवऱ्याने परदेशी जायचं ठरवलं. नवरा इमारतींचे आराखडे काढायचा. तिकडे आराखडे काढणारे भरपूर होते, केमिस्ट कमी होते. तेव्हा व्हिसा तिच्या नावावर आणि तो तिच्यासोबत, असं ठरलं. पण तिकडची रसायनतज्ज्ञांची एक संस्था आधी तिची एमएस्सी तपासणार होती. ती तिकडच्या पदवीच्या तोडीची आहे की नाही, हे त्यांनी सांगितल्याशिवाय पुढचं पान हलणार नव्हतं.

जेवताना सासूबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझी डिग्री खरी आहे का ते बघणार?" त्या म्हणाल्या. "हे आपण लग्नाआधीच करून घ्यायला हवं होतं."

"मीही तुमच्या मुलाचं करून घ्यायला हवं होतं, आई," लिटमस म्हणाली.

सासूबाई पाणी पिता पिता ठसकल्या आणि नवरा मान खाली घालून जेवत राहिला.

गुणपत्रिका मिळाल्या, अभ्यासक्रमाच्या प्रती कॉलेजकडून शिक्क्यासकट आल्या. अडलं ते फक्त एका कागदापाशी. प्रयोगशाळेत ती नेमकं काय काम करते, हे सांगणारं पत्र साहेबांच्या सहीने हवं होतं.

साहेब म्हणजे गुणवत्ता विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. सकाळी केबिनमध्ये शिरायचा, अहवालांवर सह्या करायचा, दुपारी मालकांबरोबर मीटिंग, संध्याकाळी घरी. प्रयोगशाळा केबिनच्या बरोबर खाली होती, पण जिना उतरायचा त्यांना भारी कंटाळा. पत्राचं ऐकल्यावर मात्र त्यांनी ताडलं की बाई हातच्या जाणार. मग त्यांनी चालढकल सुरू केली. आज लेटरहेड संपलं, उद्या मालक बाहेरगावी. शेवटी एकदा पत्र दिलं, त्यात एकच वाक्य: सदर महिला आमच्याकडे कामास असून वर्तणूक समाधानकारक आहे.

लिटमसच्या नाकाचा शेंडा रंगला. "साहेब, मी तुरुंगातून सुटत नाहीये."

"मग तुम्हीच लिहून आणा," साहेब म्हणाले. "मी सही करतो."

तिने घरी बसून सगळं लिहिलं. आलेल्या तेलाची आम्लता तपासणे, साबणातल्या ओलाव्याचं प्रमाण काढणे, फेस मोजणे, यंत्रांची अचूकता पडताळणे, बिघडलेला माल अडवणे, त्यावरून उत्पादन विभागाशी भांडणे. शेवटचं तिने 'समन्वय साधणे' असं लिहिलं, बाकी सगळं जसंच्या तसं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, मग काढून पुसला आणि परत वाचलं.

"हे सगळं तुम्ही करता?"

"हो."

"मग मी काय करतो?"

"तुम्ही सही करता, साहेब."

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं, पण सही काही केली नाही. पत्र खणात ठेवलं. दोन-चार दिवसांनी त्यांनी तिला वर बोलावलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, की त्या संस्थेकडे आपल्यासारख्या माणसाने अर्ज केला तर? एमएस्सी त्यांचीही होती, तीही रसायनशास्त्रातच. मेहुणी तिकडे जाऊन राहिली होती आणि तिच्या बागेचे फोटो बघून बायकोने त्यांच्यामागे टुमणं लावलं होतं. वयाची अट होती, त्यांच्या हातात थोडाच अवधी उरला होता.

लिटमसला हसू आवरेना. तिने खिडकीबाहेर बघण्याचं नाटक केलं.

"डिग्री चालेल," ती म्हणाली. "पण प्रयोगशाळेतलं काम स्वतःच्या हाताने केलेलं लागतं. ते फोन करून विचारतात."

"ते तुम्ही लिहून द्याल की. तुम्ही प्रयोगशाळेच्या इन्चार्ज."

"खोटं लिहिणार नाही. पण तुम्ही केलंत, तर केलंत असं लिहीन."

साहेब विचारात पडले. मग त्यांनी खण उघडला, तिचं पत्र काढलं आणि सही ठोकली. त्या सहीच्या बदल्यात तिने त्यांना काम शिकवायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून साहेब खाली येऊ लागले.

पांढरा कोट त्यांना पोटावर बसेना. बाटल्या धुणाऱ्या मावशींनी कपाटातून एक जुना, मोठा कोट काढून दिला. त्यावर आधीच इतके डाग होते की साहेब पहिल्याच दिवशी अनुभवी दिसू लागले. लिटमसने त्यांना तेलाची आम्लता काढायला बसवलं. वरून ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, द्रावणाचा थेंब थेंब सोडायचा, खाली फ्लास्क हलवत राहायचं, फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं. साहेबांनी तोटी सोडली ती सोडलीच. फ्लास्कात बिटाचा रस झाला.

"परत," लिटमस म्हणाली.

"जरासंच जास्त झालंय."

"परत, साहेब."

फेसाच्या चाचणीला तर मावशींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. साबणाचं पाणी उंच काचेच्या नळीत घालून बूच लावायचं आणि उलटसुलट करायचं, एवढंच. साहेबांनी बूच सैल लावलं. फेस कोटाच्या बाहीतून कोपरापर्यंत गेला. "उंची किती आली लिहू?" असं मावशींनी विचारलं, तेव्हा साहेबांना स्वतःलाच हसू फुटलं.

लिटमसला वाटलं होतं, आठवडाभरात हौस फिटेल. पण झालं भलतंच. साहेबांना गोडी लागली. ते तिच्याआधी येऊन ब्युरेट धुऊन ठेवू लागले. सह्यांसाठी फायली वर पडून राहत आणि शिपाई त्या घेऊन खाली येई, तेव्हा साहेब त्याला फ्लास्कावरची नजर न काढता थांबायला सांगत. आणखी काही दिवसांनी ते लिटमसच्याच चुका काढू लागले. ब्युरेटवरचा आकडा वाचताना तुम्ही वाकत नाही, नजर पातळीवर नको का, असं एकदा त्यांनी तिला सुनावलं. बरोबर होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

फोन आला तो नेमका साहेबांचा हात गुंतलेला असताना. छटा यायच्या बेतात होती, तोटीवरचा हात काढायची सोय नव्हती. मावशींनी त्यांच्या कोटाच्या खिशातून मोबाइल काढला, बटण दाबून स्पीकर लावला आणि तो त्यांच्या तोंडासमोर धरला. पलीकडून एक बाई बोलत होती, त्या संस्थेकडून, लिटमसच्या अर्जाबद्दल. अर्जदार स्वतः चाचण्या करतात का, असं तिने विचारलं.

महिन्यापूर्वीचे साहेब असते तर म्हणाले असते, वर्तणूक समाधानकारक.

"स्वतः?" साहेब म्हणाले. "त्या दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. एक थेंब जास्त झाला तर सगळं फेकून परत करायला लावतात."

मग ते सुटलेच. आम्लतेची चाचणी, ओलाव्याची, फेसाची, प्रत्येकीत कुठे चूक होते आणि लिटमस ती कशी पकडते, हे त्यांनी मनसोक्त सांगितलं. तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण सगळं खरं. त्या इतरांना शिकवतात का, असं पलीकडच्या बाईने विचारलं.

"सध्या मला शिकवताहेत."

"आणि आपलं पद?"

"त्यांचा वरिष्ठ."

मग त्या बाईने हसू दाबत आभार मानले. साहेबांनी तोटी बंद केली. फ्लास्कात अगदी हवी तशी फिकट गुलाबी छटा आली होती, ती त्यांनी आधी मावशींना दाखवली आणि मग लिटमसला.

तिची पदवी तोडीची ठरली. साहेबांनीही मधल्या काळात अर्ज धाडला होता, त्यांचीही ठरली. पण त्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव नुकताच सुरू झालेला, आणि लागतो तेवढा जमेपर्यंत वयाची मर्यादा उलटून जाणार होती. लिटमसने त्यांचं पत्र खरं लिहिलं होतं, तारखेसकट. ते तिला चिडून बोलतील म्हणून ती तयारीत होती. साहेब मात्र म्हणाले की बायकोला सांगणं तेवढं अवघड जाईल, बाकी काही नाही. मग त्यांनी मालकांकडे जाऊन सांगितलं, नवीन केमिस्ट मिळेपर्यंत प्रयोगशाळा मी बघतो, आणि केमिस्ट शोधायची अजिबात घाई केली नाही.

शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये निरोपाचा चहा झाला. साहेब उशिरा आले, कोटासकट. भाषण करायला सांगितलं तर नको म्हणाले. लिटमसला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "ती चांगली पिपेट तुम्ही कुठे लपवून ठेवता?"

लिटमस आधी म्हणाली, कुठली पिपेट? मग इकडेतिकडे बघून तिने सांगितलं, ओलाव्याच्या भट्टीमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आणि मावशींना कळू देऊ नका.

"मला ठाऊक आहे," मावशी मागून म्हणाल्या आणि बिस्किटांची ताटली पुढे केली.