शेवटचा शब्द लोकांचा

"शेवटचा शब्द आपला नाही, लोकांचा," मांडवामागे बाबा टोळीला पुन्हा बजावत होते. "ज्यानं तो एकट्यानं म्हटला, तो गेला."

बाबा, म्हणजे ऊ फो जॉ, वर्षभर सायकलरिक्षा ओढतात आणि पायडलच्या ठेक्यावर साहेबलोकांची टर उडवणारी यमकं जुळवतात. पाण्याच्या सणात, नव्या वर्षाला सगळे एकमेकांना भिजवतात तेव्हा, आमची टोळी ती ढोलकावर म्हणते. बाबा शेवटचा शब्द गिळतात, गर्दी यमकावरून तो ओळखते आणि ओरडते. इतकी तोंडं, पकडणार कुणाला? यंदा टोळीत पहिल्यांदाच मी होते! गालांवर थनाकाच्या सालीचा पिवळसर लेप, केसांत पडौकची पिवळी फुलं, आणि आवाज असा, की इरावतीपलीकडचे बैलसुद्धा वळून बघतील.

आईला मात्र हे नको होतं. चहाच्या दुकानात कुणी अनोळखी माणूस बाबांच्या ओळी विचारत होता, फार गोड बोलत होता म्हणे. तुमची यमकं एक दिवस तुम्हालाच घेऊन जातील, असं ती सकाळी म्हणाली. बाबा हसले. "मग रिक्षा कोण ओढणार, तू?"

मांडवासमोर गर्दी होती, पण पाणी कुणी उडवत नव्हतं. एक अनोळखी माणूस, आई म्हणाली तोच असणार, अगदी पुढे उभा होता, कोरडा ठणठणीत. त्याच्या मोबाइलचा कॅमेरा आमच्याकडे नव्हता, गर्दीकडे होता.

बाबांनी सुरुवात केली:

"नदीवर पूल बांधला हो, पाया त्याचा कच्चा,
नव्या मोटारीत फिरतो कोण? साहेब आपला..."

ढोलक थांबलं. कुणीच बोललं नाही. दरवर्षी सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी भजीवाली मावशी कढईत बघत राहिली. मोबाइल एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरत होता.

ती रिकामी जागा मला सोसवेना. शब्द जिभेवर आलाच होता, ओठ उघडलेही होते. मोबाइल आता माझ्याकडे वळत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"लुच्चा," ते म्हणाले. ओरडून नाही. गिऱ्हाइकाला भाडं सांगावं तसं.

त्या माणसानं मोबाइल खिशात टाकला. "चला काका," तो अदबीनं म्हणाला. बाबांनी रिक्षाच्या कुलपाची किल्ली माझ्या मुठीत दिली आणि त्याच्यामागून गेले. गर्दीनं वाट करून दिली.

रिक्षा मीच घरी आणली. पायडल मारताना त्या ओळी आपोआप येत होत्या, आणि दर वेळी मी शेवटच्या शब्दाआधी थांबत होते.

आई दारात उभी होती. तिनं पायडलवरचे माझे पाय पाहिले. आत जाऊन तिनं बाबांच्या भातावर झाकण ठेवलं.