गाढव आधी सापडतं

माझ्या भाचीला आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात सगळ्या वाळवी म्हणतात. कागद दिसला की आत शिरते, आणि एकदा शिरली की बाहेरची हाक ऐकू येत नाही. तिला या नावाचा राग नाही. “वाळवी निदान पुस्तक संपवते तरी,” असं म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे बघते.

टोमणा बरोबर बसतो. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पुढचं शिक्षण घडी घालता घालता झालं. छापखान्यातून मोठाले कागद येतात. एक कागद तीनदा दुमडला की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. दिवसभर हाताखालून तोच एक फर्मा जातो. त्यामुळे माझं ज्ञानही सोळा-सोळा पानांचंच आहे. साप चावल्यावर काय करावं ते मला तोंडपाठ आहे. पण त्या माणसाचं पुढे काय झालं ते पुढच्या फर्म्यात होतं, आणि तो पलीकडच्या टेबलावर गेला.

भाऊ-वहिनी परगावी कामाला गेले, म्हणून ही बारा वर्षांची पोर माझ्याकडे आली. कपडे हातात मावतील एवढे, आणि पुस्तकांची पिशवी मात्र दोघांनी धरून जिन्यावरून चढवावी लागली. सगळ्या मुलांच्या कादंबऱ्या. सुट्टी लागली आणि पिशवी तळाला गेली. मग ती माझ्या खोलीतलं औषधांच्या डब्यावरचं वाचायला लागली. एक दिवस मी घरी आले तर म्हणाली, “आत्या, तुझ्या गोळ्यांचा शेवट फार वाईट आहे. चक्कर, मळमळ आणि क्वचित मृत्यू.”

दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यात घेऊन गेले.

मालकांनी दारातच बजावलं, “मशीनला हात लावायचा नाही. आणि कामात लुडबुड दिसली की घरी. समजलं?”

“समजलं,” वाळवी म्हणाली, पण तिचं लक्ष त्यांच्या खांद्यामागे होतं. तिथे छतापर्यंत पुस्तकं होती. बिनपुठ्ठ्याची, न शिवलेली, अर्धवट, पण पुस्तकं. तिचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं आता ही मालकांना बाजूला सारून आत पळणार.

फर्मा वाचणं सोपं नसतं. कटिंग होईपर्यंत पानं वरच्या कडेला जोडलेलीच असतात. दोन पानं सरळ दिसतात, मधली दोन बंद पाकिटासारखी. त्यात खालून डोकावून, मान वाकडी करून वाचावं लागतं. आठवड्याभरात वाळवीची मान डावीकडे झुकली ती झुकलीच. जेवतानाही ती वाटीत तशीच डोकावायची.

आणि बोलायची! एवढं बोलणारी वाचक मी पाहिली नव्हती. एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी तिने आम्हाला तिचं शास्त्र समजावलं.

“लहान मुलांच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात आईवडिलांना कुठेतरी पाठवून देतात. त्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. थोड्या मोठ्या मुलांच्या कादंबरीत ते घरातच असतात, पण त्यांना काही कळत नाही.”

“आणि अगदी मोठ्यांच्या?” खळवाल्या काकूंनी विचारलं. त्या पुस्तकांच्या पाठीला खळ लावतात, म्हणून हे नाव. बोटं कायम एकमेकांना चिकटलेली, जीभ मात्र कधीच नाही.

“मोठ्यांच्यात सगळे घरात असतात आणि कुणालाच काही कळत नाही. म्हणून मी ती वाचत नाही.”

“म्हणजे तू सध्या पहिल्या प्रकरणात आहेस म्हण,” मी सहज बोलून गेले, आणि जीभ चावली. वहिनीचा फोन येऊन चार दिवस झाले होते.

वाळवीने विचार केला. “हो. पण पहिल्या प्रकरणात एखादा प्राणीपण भेटतो. सोबतीला.”

“भेटला की,” मी म्हटलं. “समोर बसून डबा खातोय.”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग माझ्या डब्यातला शेवटचा घास तिने उचलला आणि मलाच भरवला. “खा, प्राण्या.”

त्याच आठवड्यात गाढवाची कादंबरी आली.

नदीकाठाने भावाला शोधत निघालेली एक मुलगी आणि तिचं एका कानाचं गाढव. आम्ही घड्या घालत होतो आणि वाळवी कोपऱ्यात एकटीच हसत होती. काकू म्हणाल्या, “ए, एकटी काय खातेस? आम्हालापण दे.” तेव्हा तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

आता हे समजून घ्यायला हवं, की छापखान्याला गोष्टीशी देणंघेणं नसतं. जो फर्मा छापून होईल तो येतो. पहिले चार ओळीने आले. मग पाचव्यात काहीतरी बिघडलं म्हणून तो मागे राहिला आणि सहावा आधी आला. दुसरं कुणी थांबलं असतं. वाळवी? शक्यच नाही. तिने सहावा वाचला. त्यात ती मुलगी पिठाच्या गिरणीमागच्या अंगणात उभी राहून शीळ घालते, आणि पोत्यांच्या आडून एकच कान वर येतो. गाढव सापडतं. आमच्या टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. नवीन लागलेल्या मुलीने तर फर्म्यालाच डोळे पुसले.

“पण हरवलं कधी हे?” काकूंनी नाक ओढत विचारलं.

“ते पाचव्यात. येईल.”

पाचवा आला. त्यात बाजारात गाढवाची दोरी सुटते. वाळवी वाचताना रडवेली झाली, पण आम्ही सगळ्या निवांत. काकू पुस्तकातल्या मुलीची समजूत घालत होत्या, “रडू नकोस गं बाई, ते गिरणीमागे आहे. सरळ जा आणि डावीकडे वळ.”

या सगळ्यात मुकादमबाई नव्हत्या. म्हणजे होत्या, तीन हातांवर टेबलाच्या टोकाला, पण नव्हत्या. त्यांच्या हाताखाली आम्ही सगळ्या शिकलो. हसल्याचं कुणाला आठवत नाही. वाळवीने एकदा विचारलं होतं, “बाई, तुम्ही ऐकताय ना?” तर म्हणाल्या, “मला गाढवांची हौस नाही. टेबलाला बसलीत तेवढी पुरतात.”

घड्या संपल्या की जुळणी. लांब टेबलाभोवती फर्म्यांच्या थप्प्या ओळीने लावायच्या, मग आम्ही एकामागून एक चालत प्रत्येक थप्पीतला एकेक उचलायचा. टेबलाला फेरी पूर्ण झाली की हातात पुस्तक. थप्प्या लावायचं काम फक्त मुकादमबाईंचं. फर्म्याच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो बघून त्या लावतात. त्यांनी लावलेल्या थप्पीचा आकडा आपण तपासणं म्हणजे आईने मोजून दिलेलं मीठ तिच्यासमोर चाखून बघणं. कुणी करत नाही.

जुळणी झाली, शिलाई झाली. शिवलेल्या पुस्तकांचे मनोरे भिंतीला लागले. दुसऱ्या दिवशी पाठीला खळ, मग पुठ्ठा, मग कटिंग. वाळवीने सवयीप्रमाणे एक बिनपुठ्ठ्याची प्रत उचलली, आता सगळी गोष्ट पहिल्यापासून वाचते म्हणाली, आणि टेबलाखाली गेली.

संध्याकाळी टेबलाखालून बाहेर आली ती मुकी.

रस्त्यात बोलली नाही. रोज कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्याला “काय म्हणता?” विचारते, तेही नाही. घरी ताटातलं नुसतं चिवडत बसली. मी कपाळाला हात लावून बघितला.

“ताप नाहीये, आत्या.”

“मग काय आहे?”

“एखादं गाढव आधी सापडलं आणि मग हरवलं, तर?”

मला कळेना. मग तिने पिशवीतून ती प्रत काढली. चौथ्या फर्म्यानंतर सहावा, आणि त्याच्यानंतर पाचवा. मी पानांचे आकडे पुन्हा पुन्हा बघितले, जसं काही माझ्या बघण्याने ते जागेवर जातील.

“एकच प्रत असेल,” मी म्हटलं.

“मी मनोऱ्यातल्या पुष्कळ बघितल्या. सगळ्या अशाच.” तिचा आवाज बारीक झाला. “मी ज्या क्रमाने वाचलं ना, तशाच.”

वर्षानुवर्षं आकडा बघून चालणारा मुकादमबाईंचा हात या वेळी कानाने ऐकलेल्या क्रमाने गेला होता. ज्या कानाला गाढवांची हौस नव्हती, त्याच कानाने.

“मालकांना कळलं की म्हणतील हिच्या वाचण्यामुळे झालं,” वाळवी म्हणाली. “मला येऊ देणार नाहीत. मग मी सुट्टीभर इथे...” तिने खोलीभर नजर फिरवली. खोलीत होतं काय, माझा पलंग, स्टोव्ह आणि गोळ्यांचा डबा.

खरं सांगायचं तर मला वाटलं, गप्प बसावं. दुकानात जाईल, कुणाच्या लक्षात येईल तेव्हा येईल. कोण कुणाला धरणार? मी तसं काही बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असावं.

“पण आत्या, ज्या मुलाला हे पुस्तक मिळेल त्याला काय वाटेल? त्याच्या पुस्तकात गाढव बाजारात हरवतं आणि मग सापडतच नाही. पुढच्या पानावर नुसतं परत चालायला लागतं. त्याला कुणी सांगणारच नाही की आधी वाचलेलं गिरणीमागचं सापडणं खरं तर नंतरचं होतं.” तिचे डोळे भरले. “तो शोधत बसेल.”

मी तिचं ताट ओढून घेतलं, घास केला. “आधी जेव. उद्या खळ लागायच्या आत जाऊ. तू सांगशील की मी सांगू?”

“मी.”

सकाळी मालक कुलूप काढत होते तेव्हाच आम्ही दारात. वाळवीने एका दमात सांगितलं, प्रत पुढे केली. मालकांनी पानं उलटली, मनोऱ्यातली एक प्रत ओढली, मग दुसरी. चेहरा उतरत गेला. बायका एकेक करून येत होत्या आणि दारातच थांबत होत्या.

“थांबवा ती खळ!” मालक ओरडले. खळ शिजवायला तेवढ्या आत गेलेल्या काकू कढईत पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “शिलाई सगळी उसवायची. पुन्हा जुळणी. तुम्ही लोक काम करता की कथाकथन? पोरगी बसून वाचते आणि तुम्ही बसून ऐकता! बास. उद्यापासून ही इथे दिसायला नको.”

वाळवीची मान, ती डावीकडची, एकदम सरळ झाली. “चालेल,” ती म्हणाली. “पण गाढवाचं नीट करा.”

“कुठलं गाढव?”

“मी,” मागून आवाज आला.

मुकादमबाई पदर खोचत पुढे आल्या. “थप्प्या मी लावल्या. आकडा बघितला नाही.”

मालकांना पटेना. “तुम्ही? बाई, तुम्ही तर झोपेतसुद्धा आकडा बघाल. आणि तुम्ही कुठे ऐकत होतात?”

मुकादमबाईंनी छताकडे बघितलं, मग कटिंग मशीनकडे, मग नाइलाजाने आमच्याकडे. “कान काय घरी ठेवून येऊ?” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून ऐकतेय. शब्दन्‌शब्द. थप्प्या लावताना हात आपोआप गेला. आधी सापडलं, मग हरवलं, असंच डोक्यात बसलं होतं.” मग आवाज नेहमीसारखा झाला. “चूक मी केली आणि पकडली तिने. नसती पकडली तर पुठ्ठा चढून माल गेला असता. आता कुणाला घरी पाठवायचं ते ठरवा. मी डबा उघडलेला नाही अजून, तसाच घेऊन निघेन.”

मालकांनी टेबलाची कड दोन-तीनदा हाताने पुसली. तिथे काही सांडलेलं नव्हतं.

“जुळणीच्या वेळी तोंड बंद,” शेवटी ते म्हणाले. “सगळ्यांचं.”

“बरोबर,” मुकादमबाई म्हणाल्या, आणि वाळवीकडे वळल्या. “आणि तू ऐक. यापुढे फर्मा पुढचा-मागचा वाचायचा नाही. मधला राहिला असेल तर तो येईपर्यंत थांबायचं. कितीही दिवस लागोत.”

“थांबायचं?” वाळवी किंचाळलीच. “पण मग मी काय करू?”

“आत्ता? दोरे उसव. नखं बारीक आहेत तुझी.”

दोन दिवस आम्ही दोरे उसवले. तिसऱ्या दिवशी जुळणी झाली, एकही शब्द न बोलता, आणि मुकादमबाईंनी प्रत्येक आकड्यावर बोट टेकवलं.

पुढच्या आठवड्यात नवीन कादंबरी आली. गठ्ठा सोडला तर वरच आकडा तीन. पहिल्या-दुसऱ्याचा पत्ता नाही. वाळवी कोपऱ्यात बसली, फर्मा मांडीवर पालथा घातला, दोन्ही हात त्याच्यावर दाबून. भुकेल्या मांजरासमोर दूध ठेवून त्याला सभ्यता शिकवावी तसं चाललं होतं. घडीचा आवाज तेवढा येत होता.

बऱ्याच वेळाने टेबलाच्या टोकाकडून खाकरण्याचा आवाज आला.

“ए वाळवी.”

“काय बाई?”

“वाचू नकोस.” मुकादमबाईंची नजर हातातल्या कागदावरच होती. “नुसतं डोकावून बघ. कुणी हरवलंबिरवलं नाही ना त्यात?”

वाळवीने मान वाकडी केली, फर्म्याचं पाकीट बोटाने उघडलं आणि आत डोकावली. बराच वेळ बाहेर आलीच नाही.

“अगं, सांग की!” मुकादमबाई म्हणाल्या.